एका बाजूला एक सुई

रात्री अभ्यास करताना किंवा लोकलमध्ये डोळे मिटून बसल्यावर तुम्ही ‘लो-फाय’ संगीत लावत असाल, तर त्यात मागे एक बारीक तडतड ऐकली असेल. जुन्या रेकॉर्डवर सुई फिरताना येते तशी. ही तडतड बहुतेक वेळा नकली असते. गाणं संगणकावर स्वच्छ तयार होतं आणि मग ती वरून भुरभुरवली जाते, कांदेपोह्यांवर खोबरं घालावं तशी. त्या चवीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यामागच्या समजुतीबद्दल, की रेकॉर्ड जुनी झाली की ती खरखरणारच.

तसं नसतं. लाखेची तबकडी कोरड्या कपाटात ऐंशी वर्षं कुणी हात न लावता उभी राहिली, तर ती आजही जवळजवळ पहिल्या दिवसासारखी वाजते. एक हलकी सरसर नव्या रेकॉर्डलाही असायची, ती तिच्या मालमसाल्यातच होती. पण तडतड, खरखर, वरच्या सुरावर आवाज फाटणं हे वयाने येत नाही. ते वाजवण्याने येतं. किती वेळा वाजवली, कुठल्या सुईने, पुसली का आणि कशाने पुसली, यावर ते ठरतं. बालगंधर्वांचा किंवा हिराबाई बडोदेकरांचा जो आवाज आज यूट्यूबवर आपल्यापर्यंत पोहोचतो, त्यातला निम्मा इतिहास गायकांचा आहे आणि निम्मा कुणाच्या तरी घरातल्या फडक्याचा.

कल्याणला पारनाक्याजवळच्या आमच्या जुन्या घरातून दोन ट्रंका माझ्याकडे आल्या. एकीत साठेक ७८ आरपीएमच्या जड तबकड्या, दुसरीत चाळीसेक एलपी. गेली काही वर्षं मी त्या एकेक करून धुतो आहे. संग्राहक म्हणवून घेण्याइतकं ते मोठं काम नाही. पण धुताना रेकॉर्ड नाकासमोर धरावी लागते, उजेडात तिरकी करून बघावी लागते, आणि मग तिच्यावर काय काय घडलंय ते दिसायला लागतं.

आधी या जड तबकड्या कशाच्या आहेत ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून लाख मिळते. बांगड्यांची लाख तीच, पोस्टाच्या पार्सलावरच्या मोहरेची तीच, आणि सुतार लाकडाला पॉलिश करायला जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो तोही तोच. या लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून, गरम साच्यात दाबून रेकॉर्ड व्हायची. जगातली बरीचशी लाख भारतातून जायची. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ मध्ये निघाली ती उगाच नाही.

१९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्याला आला, गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, आणि त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला गेल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघेपर्यंत असंच चालायचं. आपल्या जंगलातली लाख बोटीने तिकडे जायची आणि आपलंच गाणं अंगावर घेऊन परत यायची.

आता ती दगडाची भुकटी. ती लाख वाचवायला घालत असत, हे खरं. पण तिचं दुसरंही एक काम होतं. त्या काळी सुई पोलादाची असायची आणि साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमच्या वर वजन तिच्यावर असायचं. कारखान्यातून आलेलं सुईचं टोक काही खाचेच्या मापाचं नसे. पहिल्या काही फेऱ्यांत ही भुकटी कानशीसारखी सुईला घासायची आणि टोकाला खाचेचा आकार द्यायची. म्हणजे रेकॉर्ड सुईला झिजवणार हे गृहीतच होतं. सुई स्वस्त, रेकॉर्ड महाग. सुई मेली तरी चालेल, खाच जगली पाहिजे.

मी हिशोब करून पाहिला. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटं, मिनिटाला ७८ फेरे. सुई एका बाजूत साधारण सव्वाशे मीटर घासत जाते. एवढं अंतर गेल्यावर टोकाला चपटा खांदा येतो आणि त्याला धारदार कड. ही सुई दुसऱ्या बाजूवर ठेवली, की ती कड खाचेच्या भिंती तासायला लागते. म्हणून डबीवर आणि रेकॉर्डच्या पाकिटावर सूचना असे, की एक सुई एकदाच वापरा. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची, कुत्र्याच्या चित्राची ती छोटी पत्र्याची डबी तुमच्यापैकी काहींच्या घरात अजून टाचण्या ठेवायला असेल. तिच्यात २०० सुया यायच्या. म्हणजे दोन्ही बाजू धरून १०० रेकॉर्ड्स. रोज संध्याकाळी चार-पाच रेकॉर्ड्स ऐकणाऱ्या घराला ही डबी महिनाभरही पुरायची नाही.

मराठी मध्यमवर्गीय घरात ही सूचना कोण पाळणार होतं? ज्या घरात पेन्सिल बोटात धरता येईनाशी झाली की तिला टोपण लावून आणखी आठ दिवस काढत, तिथे तीन मिनिटं वापरलेली, डोळ्यांना लख्ख दिसणारी पोलादी पिन फेकून द्यायची? आमच्या घरात ‘पिन’ असाच शब्द होता. आजोबा रेल्वेत होते. एक पिन आठवडाभर चालवायचे आणि तिची धार गेली की बदलायचे, असं आजी सांगायची. खरं तर उलट होतं. पिनेला धार यायची तेव्हा ती बदलायला हवी होती.

सुईतून निघालेला पोलादाचा कीस, खाचेतून निघालेली भुकटी, बोटांचं खोबरेल तेल आणि हवेतली धूळ यांचा जो लगदा होतो, तो खाचेच्या तळाशी बसतो. पुढच्या वेळी सुई तोच भिंतीवर रगडते. काही वर्षांनी काळीभोर तबकडी राखाडी दिसायला लागते. हा राखाडी रंग धुतल्याने जात नाही. मळ निघतो, पण तासलेली भिंत कुठून परत येणार?

साठ तबकड्या उजेडात धरल्यावर मला एक गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यापासून मी या विषयाचा जरा नादच घेतला आहे. राखाडी झालेल्या रेकॉर्ड्स वाईट ठेवलेल्या नव्हत्या. त्या आवडत्या होत्या. बालगंधर्वांची नाट्यगीतं राखाडी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँची १९३०च्या दशकातली ओडियनची तबकडी तर अशी की खाचा दिसतच नाहीत, नुसती पाटी वाटते. याउलट कुणीतरी लग्नात दिलेली, इंग्रजी बॅन्डच्या संगीताची एक रेकॉर्ड आहे, तीत तोंड पाहून भांग पाडता येईल. ती कुणी ऐकलीच नाही. प्रचाराची भाषणं, विसरलेल्या विनोदी संवादांच्या तबकड्या, सगळं चकाचक. जे गाणं घरातल्या सगळ्यांना हवं होतं तेच आज सगळ्यात वाईट ऐकू येतं.

हे एकट्या आमच्या घराचं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. पण आपल्याकडे जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा भाग कंपन्यांच्या तिजोरीत नाही, तो अशाच घराघरांतून वाजलेल्या तबकड्यांवर उरलाय. मुंबईत १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. ‘यंग इंडिया’ हे तिचं लेबल. परदेशी कंपन्यांसमोर उभं राहिलेलं देशी लेबल, नव्या आणि हौशी कलाकारांना संधी देणारं. १९५५ मध्ये ते बंद झालं. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या सुरेश चांदवणकरांनी त्या तबकड्यांच्या डिजिटायझेशनचं काम हाती घेतलं, ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून. त्यांचा कच्चा माल काय होता? संग्राहकांनी जुन्या बाजारातून आणि घरांतून गोळा केलेल्या तबकड्या. वीस वर्षं चाललेल्या कंपनीचा आवाज लोकांच्या ट्रंकांतून वेचून आणावा लागला.

कल्याणात राहून या सगळ्याचा विचार करताना भास्करबुवा बखले आठवल्याशिवाय राहत नाहीत. (गावाच्या नावाचा एक रागही आहे, हे आमच्याकडे पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर सांगितलं जातं.) कल्याण गायन समाज दरवर्षी भास्करबुवांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरवतो, ‘देवगंधर्व’ ही त्यांचीच ओळख. बुवा १९२२ मध्ये गेले. म्हणजे ध्वनिमुद्रण भारतात आल्यानंतर तब्बल वीस वर्षं ते गात होते. तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांचा आवाज मात्र लाखेवर आहे. बुवांचं गाणं कसं होतं याचा अंदाज करायचा तर या शिष्यांच्या तबकड्या कानाला लावाव्या लागतात. आणि त्या तर राखाडी.

म्हणून धुण्याची गोष्ट साधी नाही. जुन्या वाड्यांचा पुनर्विकास चालू आहे, ट्रंका उघडल्या जातायत, आणि ज्याच्या हातात या तबकड्या पडतात तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पुसणं. हल्ली हाताशी काय असतं? सॅनिटायझर, नाहीतर मोबाइलचा स्क्रीन पुसायचं स्पिरिट. वर सुताराच्या चपड्याचं सांगितलं ते यासाठीच. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्याकडे एक फुटलेली तबकडी होती, तिच्या तुकड्यावर मी मुद्दाम कापसाने स्पिरिट लावून पाहिलं. दोन-तीन वेळा फिरवल्यावर कापूस काळा आणि चिकट झाला. बघणाऱ्याला वाटावं, किती मळ निघाला! तो मळ नव्हता, रेकॉर्डच निघत होती. तेव्हा ७८च्या जड, टिचकी मारल्यावर कपबशीसारख्या वाजणाऱ्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, परफ्यूम काहीही लावायचं नाही. इतकी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप.

एलपीचं तसं नाही. अमेरिकेत १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लॉंग प्ले रेकॉर्ड आणली ती विनाइलची, म्हणजे एका प्रकारच्या पीव्हीसीची. दगडाची भुकटी गेली, सरसर गेली, खाच केसासारखी बारीक झाली आणि एका बाजूवर वीस मिनिटं मावायला लागली. ती खाच उलगडून सरळ केली तर चारशे मीटरच्या वर भरते, पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा लांब. पोलादाच्या सुईची जागा नीलमण्याच्या आणि मग हिऱ्याच्या टोकाने घेतली. वजन काही ग्रॅमवर आलं, चांगल्या यंत्रात दोनच्या आसपास. पण टोक इतकं सूक्ष्म की तिथला दाब मोटारीच्या टायरखालच्या दाबाच्या कितीतरी पट. त्या दाबाखाली धुळीचा कण सापडला तर तो मऊ विनाइलमध्ये रुततो आणि तिथे कायमची ‘टक्’ बसते.

झिजण्याचा प्रश्न कमी झाला तसा धुळीचा मोठा झाला. विनाइल घासलं की त्यात विजेचा भार साठतो आणि ते धूळ ओढून घेतं. कोरड्या फडक्याने जितकं पुसाल तितकी धूळ जास्त. इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स नावाच्या माणसाने १९५०च्या दशकात ‘डस्ट बग’ काढला: एक छोटा ब्रश, जो रेकॉर्ड वाजत असताना सुईच्या जोडीने खाचांतून फिरायचा. पुढे कीथ मंक्सने पाण्याने धुऊन शोषून घेणारी यंत्रं बीबीसीसारख्या ठिकाणी पोहोचवली. आपल्याकडे ही चैन नव्हती. आपल्याकडे एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ होता, सुटकेससारखा बंद होणारा, आणि त्यावर पुसायला मखमलीचा तुकडा किंवा आजोबांच्या जुन्या धोतराचा. फिएस्टाला वाईट म्हणणाऱ्या पुष्कळ पोस्टी तुम्हाला दिसतील. त्याचा हात जड होता हे खरंच. पण तो नसता तर कल्याण-डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरांत एलपी आल्याच नसत्या, म्हणून मी त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही.

या दोन खोल्यांचा मळही वेगळा. परदेशी पुस्तकांत सगळा भर धुळीवर आणि स्थिर विजेवर. आमच्या एलपींवर जे सापडतं ते फोडणीच्या तेलाचं पातळ किटण. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात दार नव्हतं. त्यात उदबत्तीचा धूर, आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांची राख. ‘शिवकल्याण राजा’ ही लता मंगेशकरांची एलपी १९७४ मध्ये आली. गावाचं नाव त्यात आहे म्हणून (अर्थ वेगळा असला तरी) आमच्याकडे ती सणासुदीला लागायचीच. तिच्यावर हे किटण सगळ्यात जाड होतं, कारण सणाच्या दिवशी घरात तळण असायचं.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की स्थिर विजेचा त्रास उरत नाही, पण पाकिटाच्या कागदाला बुरशी धरते आणि तिथून ती खाचेत उतरते. पांढरट जाळ्यासारखी दिसते, ऐकताना तळणीतल्या मोहरीसारखी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आणि खाडी घरांत शिरली, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरी एलपींचा गठ्ठा दोन दिवस गाळात होता. कव्हरांचा लगदा झाला, लेबलं धुऊन गेली. रेकॉर्ड्स मात्र टिकल्या. गाळ वाळायच्या आत त्या बादलीत धुतल्या होत्या, एवढंच. अजूनही त्या घरात कुठली रेकॉर्ड कुठली ते लावल्याशिवाय कळत नाही.

माझी पद्धत विचारणारे निरोप येतात म्हणून थोडक्यात. नळाचं पाणी वापरत नाही, ते वाळल्यावर क्षार मागे राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ ब्रश, आणि तो फिरवायचा खाचेच्या दिशेने, गोल. आडवा कधीच नाही. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात, आणि भांड्यांच्या स्टॅंडवर उभी करून सावलीत वाळवणं. ७८ची तबकडी मी बुडवत नाही, ओल्या फडक्याने पटकन आवरतो. धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात परत घातली तर सगळं काम फुकट, कारण निम्मा मळ पाकिटातच असतो.

सुई मात्र लोक विसरतात. हिऱ्याच्या टोकावर खाचेतला कापूस गोळा होऊन त्याची दाढी वाढते आणि सुई खाचेतून उचलली जाते. बोटाने ती काढू नये, फुंकूही नये. छोटा ब्रश मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने, हलकेच. हिरासुद्धा झिजतो; पाचशे ते हजार तास धरा. नीलमणी त्याच्या कितीतरी आधी. आमच्या फिएस्टाचा नीलमणी घड्याळजीच्या भिंगाखाली पाहिला तेव्हा तो छिन्नीसारखा चपटा झालेला होता. आजोबांची पिनेची सवय नव्या यंत्रावरही गेली नव्हती.

राखाडी तबकडीचं काहीच होत नाही का? थोडं होतं. तबकड्यांवरून आवाज उतरवणारे जाणकार वेगवेगळ्या जाडीच्या सुया बाळगतात. पोलादी सुईने भिंत ज्या उंचीवर तासली, त्याच्या थोडं वर किंवा थोडं खाली टेकेल अशी सुई निवडली, तर तिथे न झिजलेला पट्टा सापडतो, आणि गायक अचानक जवळ येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. अर्थात आधी तळातला लगदा निघालेला असला पाहिजे, नाहीतर कुठलीच सुई भिंतीपर्यंत पोहोचत नाही. एलपीची सुई तर ७८च्या रुंद खाचेत थेट तळाशी जाऊन बसते आणि आपण गाण्याऐवजी मळ ऐकतो.

२०२४ मध्ये नवी मुंबईत विनाइल छापायचा कारखाना पुन्हा सुरू झाला. कल्याणपासून फार लांब नाही. नव्या रेकॉर्ड्स घेणारी मुलं बहुतेक माझ्यापेक्षा लहान आहेत आणि त्यांच्या हातात खोबरेल तेल नसतं, हे एक बरं आहे.

मागच्या महिन्यात बालगंधर्वांची सगळ्यात राखाडी तबकडी धुवायला घेतली. पुढची बाजू धुऊनही तशीच राहिली. उलटून पाहिली तर मागची बाजू काळीभोर. घरात एकच गाणं आवडतं होतं, दुसरं कुणी लावलंच नव्हतं. ७८ची सुई बसवून ती बाजू लावली. ऑर्गनचे पहिले सूर इतके स्वच्छ आले की आई आतून बाहेर आली. तीन मिनिटं आम्ही दोघंही उभेच होतो.

“हे तर कधी ऐकलंच नाही रे आपण,” ती म्हणाली.

मी तबकडी नव्या पाकिटात घातली आणि पाकिटावर पेन्सिलीने दुसऱ्या बाजूच्या गाण्याचं नाव लिहिलं.